गोधडीतला त्रिकोण कुठून आला?

आजचा भाग ऐकता ऐकता एक छोटा प्रयोग करून बघा. घरातलं एखादं जुनं सुती फडकं घ्या, आईला विचारून घ्या बरं का. कडेला दातानं बारीकशी चीर द्या आणि दोन्ही हातांनी ओढा. टर्रकन, सरळ रेषेत फाटेल. आता तेच फडकं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं फाडून दाखवा.

नाही जमणार. कापड तिरपं ताणलं जातं, वेडंवाकडं होतं आणि शेवटी पुन्हा सरळ रेषेतच फाटत जातं. कारण साधं आहे. विणलेल्या कापडात उभे धागे असतात, त्याला ताणा म्हणायचं. आडवे असतात तो बाणा. हातानं फाडलेलं कापड ताण्याच्या किंवा बाण्याच्या बाजूनंच जातं. तिसरी वाट त्याला ठाऊक नाही.

म्हणजे चौकोन आणि पट्टी हातानं निघते, त्रिकोणाला कात्री लागते. गोधडीवर त्रिकोणी तुकडा दिसला की एवढं नक्की समजायचं, की कुठंतरी, कुणाच्या तरी हातात कात्री होती. ती कात्री कुणाची होती आणि तो तुकडा गोधडीपर्यंत कसा आला, हा आजचा विषय. ऐकायला छोटा वाटतो, पण याला बरेच कंगोरे आहेत. आणि गंमत बघा, कंगोरा या शब्दाचा मूळ अर्थच किल्ल्याच्या तटावरचे किंवा कापडाच्या कडेचे दाते असा आहे.

आधी गावाकडं जाऊ

नारायणगड हे नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी 2024 च्या दसऱ्याला ऐकलं असेल. 12 ऑक्टोबरला तिथं मनोज जरांगे पाटलांचा मेळावा झाला आणि दिवसभर मोबाईलवर गडच दिसत होता. पण बीड जिल्ह्यातल्या लोकांना हा गड त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं हे नगद नारायण महाराजांचं ठिकाण. याला धाकटी पंढरी म्हणतात. ज्यांना पंढरपूरला जाणं होत नाही, ते आषाढीला इथं येतात. पुढं ज्यांनी भगवानगड उभा केला ते भगवानबाबाही आधी याच गडाच्या परंपरेत होते.

आता वारी म्हटलं की आपल्याला टाळ, मृदंग, पताका आठवते. मला आठवते ती वळकटी. माणूस दोन दिवसांसाठी निघो की वीस, डोक्यावर नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधडीची वळकटी असायचीच. रात्री कीर्तन ऐकायला बसताना तीच खाली, पहाटेच्या गारठ्यात तीच अंगावर. पाऊस आला तर डोक्यावरसुद्धा तीच. आमच्या भागात तिला वाकळ म्हणतात. लहान बाळाची असेल तर दुपटं. कर्नाटकाच्या सीमेकडं गेलात की कौदी. शब्द वेगळे, पण रीत एकच. वापरून मऊ झालेलं कापड थरावर थर ठेवायचं आणि धावदोऱ्यानं एकत्र बांधायचं.

खाली अस्तराला जुनं नऊवारी लुगडं. नऊवार म्हणजे साधारण 8 मीटर कापड, घडी घातली की दोन-तीन थर तिथंच होतात. मधे धोतर, फेट्याचं कापड, फाटके सदरे. वर पुन्हा लुगडं, आणि जिथं विरलंय तिथं ठिगळ. मग कडेकडेनं टाके घालत, चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत यायचं. दोन-तीन बाया समोरासमोर बसल्या की काम लवकर उरकतं. गप्पाही होतात, आणि गावातल्या निम्म्या भानगडींचा निकाल तिथंच लागतो.

या सगळ्यात कात्रीची गरज किती? जवळजवळ शून्य. लुगडं हातानं फाडता येतं, धोतरही. दोरा दातानं तुटतो. म्हणून घरच्या साध्या वाकळीत बहुतेक तुकडे चौकोनी नाहीतर लांबट दिसतात. मग त्रिकोण?

शिंप्याच्या पायाशी

पहिलं उत्तर आहे शिंप्याचं दुकान. शिंपी कापड बेततो तेव्हा गळा, बगल आणि बाही कापताना तिरपे तुकडे खाली पडतात. हे कातरण. त्याच्या उपयोगाचं नसतं. ते पिशवीत भरून घरी नेणाऱ्या बाया प्रत्येक गावात होत्या. गोधडीवर छिटाचा एक, पट्ट्यांचा एक, शाळेच्या गणवेशाच्या खाकीचा एक असे त्रिकोण शेजारी शेजारी दिसले, तर ते बहुधा एका घरातले नसतात. ते गावाच्या शिवणकामाचं हजेरीपुस्तक असतं. कुणाचं लग्न झालं, कुणाचं पोर शाळेत गेलं, सगळं त्यात.

पण शिंप्याकडं त्रिकोण येतो कुठून, हे जरा खोलात बघू. हातमागावरचं कापड अरुंद असायचं. अंगरख्याला खाली घेर हवा, आणि कापड तर वाया घालवायचं नाही. मग जुने शिंपी काय करायचे? लांबट आयत घ्यायचा आणि तो तिरपा कापायचा. एका आयताच्या दोन कळ्या होतात, वर निमुळत्या आणि खाली रुंद. त्या उलटसुलट फिरवून जोडल्या की घेर तयार, आणि चिंधीही वाया गेली नाही. काखेत हात वर उचलायला जागा हवी म्हणून एक छोटा चौकोन तिरपा बसवायचे, त्याला चौबगला म्हणतात. म्हणजे तिरपा काप ही नुसती नक्षी नाही. कापड महाग होतं त्या काळातलं ते गणित आहे.

आणि ही हत्यारं आपल्याकडं किती जुनी? इथं एक सुंदर पुरावा आहे, तोही वारकरी परंपरेतलाच. संत नामदेव शिंपी समाजातले. त्यांचा काळ 1270 ते 1350 मानला जातो. परंपरेनं त्यांचं नातं मराठवाड्यातल्या नर्सीशी, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्याशी सांगतात. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, आणि त्यातल्या एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही शिंप्याची हत्यारं भक्तीची रूपकं होऊन येतात. आदिग्रंथाचं संकलन 1604 साली झालं. म्हणजे कात्रीनं कापड कापणारा शिंपी हा तेव्हा ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागत नव्हता. तो रोजच्या बघण्यातला माणूस होता.

मग 1900 च्या आसपास मनमाड, औरंगाबाद, जालना, नांदेड अशी रेल्वे निजामाच्या राज्यात आली. आपलं बीड 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, हे लक्षात ठेवा. रेल्वेबरोबर गिरणीचं कापड आलं. सोलापूरची पहिली गिरणी त्याआधीच, 1877 ला सुरू झाली होती. नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. पाठोपाठ शिलाई मशीन आलं. कापड रुंद झालं, छापील झालं. शिंप्याकडं कातरण वाढलं, आणि माझ्या मते गोधडीवरचे त्रिकोणही त्यामुळंच वाढले असणार. "असणार" म्हणतेय, कारण आपल्याकडं तारीख घातलेल्या गोधड्या नाहीत. त्याकडं येतेच.

लावणं आणि जोडणं

आता थोडं हाताच्या कामाबद्दल. तुम्ही रील्सवर परदेशी क्विल्ट बघितले असतील. त्रिकोणाला त्रिकोण जोडून केलेल्या चांदण्या, भिंगऱ्या, उडणारे पक्षी. आपल्या वाकळीतला त्रिकोण आणि तो त्रिकोण दिसायला सारखे असले तरी करण्याची रीत वेगळी आहे. आपण त्रिकोण लावतो. ते त्रिकोण जोडतात.

जोडायचं म्हणजे दोन त्रिकोण एकमेकांना शिवून एक चौकोन करायचा. मग असे शेकडो चौकोन शिवून वरचं कापड तयार करायचं. इथं चूक चालत नाही. समजा, तयार चौकोन 4 इंचांचा हवा आहे आणि शिलाईला पाव इंच सोडायचं आहे. साधा चौकोन कापायचा असेल तर दोन्ही बाजूंचे पाव-पाव इंच धरून साडेचार इंच पुरतात. पण तोच चौकोन दोन त्रिकोणांचा करायचा असेल, तर कापायचा चौकोन 4⅞ इंचांचा लागतो. का? कारण तिरप्या बाजूच्या टोकदार कोपऱ्यांत शिलाईची जागा जास्त जाते. पायथागोरस शाळेत शिकवला तेव्हा तो पुढं कधी उपयोगी पडेल का, असं वाटलं होतं ना? तो इथं कापडात बसलाय.

दुसरी अडचण ताणाची. तिरपी कापलेली कड रबरासारखी ओढली जाते. आपले शिंपी हिला उरेप म्हणतात. गळ्याला गोलाई द्यायला उरेप पट्टी फार कामाची, पण त्रिकोण जोडताना तीच डोकेदुखी होते. म्हणून हुशार बायांनी युक्ती काढली. दोन रंगांचे चौकोन समोरासमोर ठेवायचे, मधे तिरपी रेघ मारायची आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवण घालायची. मगच रेघेवर कापायचं. दोन दुरंगी चौकोन एकदम तयार होतात, आणि उघडी उरेप हाताळावीच लागत नाही. 1979 साली जपानच्या ओल्फा कंपनीनं पिझ्झा कापायच्या चाकासारखं फिरतं पातं काढलं आणि हे काम आणखी सोपं झालं.

आपल्या वाकळीत यातलं काही लागत नाही. खाली थर आधीच अंथरलेले असतात. त्रिकोण वर ठेवायचा, कड नखानं मुडपायची आणि टाके घालत जायचं. कड थोडी ताणली गेली तरी खालचं लुगडं तिला धरून ठेवतं. वरून धावदोऱ्याच्या ओळी गेल्या की ती हलत नाही. माप वीत आणि बोटं. माझ्या आजीनं आयुष्यात टेप हातात धरला नाही, पण तिच्या वाकळीचे कोपरे कधी वाकडे आले नाहीत. "मन लावून टाका घातला की कापड ऐकतं," एवढंच तिचं शास्त्र.

या दोन्ही रीतींत उच्चनीच काही नाही. जोडायला नवं, सारख्या जाडीचं, भरपूर कापड लागतं. लावायला आहे ते चालतं. ज्या घरात जे होतं, त्यातून ती रीत निघाली.

कात्रीशिवायचा त्रिकोण

आता मी मघाशी म्हटलं की त्रिकोणाला कात्री लागते. त्याला एक पळवाट आहे. चौकोन तिरपा दुमडला की त्रिकोण होतो, आणि कापावं काहीच लागत नाही.

या पळवाटेचं सगळ्यात देखणं रूप आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या अनेकांना पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं, आणि तिथून सुटून ते सह्याद्रीच्या जंगलात आले. त्यांच्या बोलीत कोकणी आणि मराठीचा मोठा वाटा आहे. सिद्दी बाया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. ती एका कोपऱ्यापासून सुरू होते, कडेनं फेरे घेत मध्यावर संपते. आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे छोटे थरदार त्रिकोण लावतात. त्यांना म्हणतात फुलं. फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. गुलामीतून जंगलात आलेल्या माणसांकडं काय असणार? फाटकी कापडं, सुई आणि दोरा. तरी फुलाशिवाय गोधडी द्यायची नाही, हा हट्ट. मला तो फार मोठा वाटतो.

आपल्या मराठवाड्यातल्या तांड्यांवर बंजारा बायांच्या फेटिया-कांचळीचं ठिगळकाम, आरसे, कवड्या बघा, किंवा बैलपोळ्याला बैलावर घातलेली झूल. तिथंही हाच जीव आहे. उपयोग भागला तरी हात थांबत नाही.

चिंध्यांची किंमत कोण ठरवतं

आता जरा कडू बोलते. आपल्याकडं गोधडी म्हणजे गरिबी, हे समीकरण पक्कं बसलंय. आणि त्यात खोटं काही नाही. 1972 चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून गावात आहेत. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी दळायची. त्या वर्षांत नवं लुगडं कुठून येणार? वाकळीवर वाकळ शिवली गेली. ठिगळाला ठिगळ लागलं. आजही दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. कारखान्याच्या फडाशेजारी कोपी बांधतात. त्या कोपीत पलंग नसतो. थंडी आणि पोरं यांच्या मधे जी असते, ती वाकळ.

पण गरिबीतून आलेल्या वस्तूला कला म्हणायचं की नाही, हे वस्तू ठरवत नाही. बघणारा ठरवतो. गाडगेबाबा बघा. 1876 चा जन्म, 1956 ला गेले. अंगावर चिंध्यांचा वेश. लोक त्यांना गोधडेबुवासुद्धा म्हणायचे. त्या ठिगळांना कुणी नावं ठेवली नाहीत, कारण त्या माणसानं ती समजून उमजून निवडली होती. मग जिनं निवड नसताना तेच ठिगळ नीट, देखणं लावलं, तिचं काय?

अमेरिकेतली एक गोष्ट सांगते. हॅरिएट पॉवर्स नावाची बाई, 1837 चा जन्म, जॉर्जिया राज्यात गुलामीत वाढलेली. तिनं बायबलमधल्या गोष्टींची एक गोधडी केली. आकार कापून, कापडावर लावून. म्हणजे आपल्यासारखंच, लावण्याचं काम. 1886 साली ती एका जत्रेत मांडली होती. तिथं जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेनं ती पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएट नाही म्हणाली. पुढं दिवस फिरले, हातात पैसा उरला नाही, तेव्हा ती स्वतः गोधडी घेऊन आली. 10 डॉलर मागितले, 5 मिळाले. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

ती वाचली कशामुळं? जेनी स्मिथनं फक्त पैसे दिले असते तर ते एक सुंदर, बेनावाचं कापड राहिलं असतं. पण तिनं एकेका चौकटीत काय आहे हे हॅरिएटला विचारलं आणि लिहून ठेवलं. म्हणून आज त्या बाईचं नाव आहे, जन्मसाल आहे, तिनं काय सांगितलं ते आहे. अलाबामातल्या गीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायांच्या, शेतातल्या जुन्या कपड्यांपासून केलेल्या गोधड्या 2002 साली मोठ्या संग्रहालयात लागल्या. त्याही करणारीच्या नावासकट. 2006 मध्ये अमेरिकन टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली.

आपल्या घरातल्या गोधडीवर नाव नाही, साल नाही. ती वापरली जाते, धुतली जाते, विरते, आणि मग दुसऱ्या गोधडीच्या पोटात थर होऊन जाते. लुगड्याचं जे झालं तेच तिचं होतं. इतिहास लिहिणाऱ्याला कागद लागतो, दगड लागतो, ताम्रपट लागतो. आपल्या आज्या-पणज्यांनी जे केलं ते वापरून संपण्यासाठीच केलं होतं. म्हणून ते कुठल्याच दप्तरात सापडत नाही.

आणि आता घाई का आहे

कारण कापड बदललं. सत्तरच्या दशकापासून नायलॉन, टेरिलीन, मग पॉलिस्टर गावोगाव पोचलं. 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर सुती गिरण्यांचं वैभव परत आलं नाही. नऊवारी नेसणाऱ्या बाया आता गावात बोटांवर मोजाव्यात इतक्या. रोजच्या साड्या सिंथेटिक झाल्या. त्या साडीची गोधडी होते, पण ती घसरते, घाम टिपत नाही, सुई अडते आणि टाका बसत नाही. शिवाय बाजारात स्वस्त ब्लँकेट आलंय. जुन्या मऊ सुती लुगड्यांची जी शेवटची गाठोडी घरात आहेत, त्यांच्याबरोबर ही एक जात संपेल. शहरात गोधडी नव्यानं विकली जातेय, नवीन कापडाची, छान दुकानात. कुणाला काम मिळत असेल तर चांगलंच आहे. पण ती नवी वस्तू आहे. त्यातला त्रिकोण शाळेच्या गणवेशातून आलेला नाही.

म्हणून एक काम सांगते. तुमच्या हातात मोबाईल आहे, म्हणजे तुम्ही जेनी स्मिथपेक्षा सुसज्ज आहात. घरातली सगळ्यात जुनी वाकळ अंगणात, उन्हात पसरा. वरून एक फोटो काढा, मग एकेका तुकड्याचा जवळून. जिनं शिवली ती असेल तर तिला शेजारी बसवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कशाचं? हा त्रिकोण कुठून आणला? शिंपी कोण होता? कुणाबरोबर बसून शिवली? कुठलं साल होतं? साल आठवत नसेल तर "दुष्काळाच्या आधी की नंतर" असं विचारा, लगेच आठवतं. ती नसेल तर जिनं तिला शिवताना पाहिलं तिला विचारा. आणि फाईलला तिचं पूर्ण नाव द्या. "आजीची गोधडी" नको. तिचं नाव, तिच्या माहेरचं गाव, साल.

एवढं केलंत तर पुढच्या माणसाला माझ्यासारखं "असणार, असणार" म्हणत बसावं लागणार नाही.

बरं, आज इथंच थांबते. भाग आवडला तर गावाकडच्या ग्रुपवर पाठवा, तिथं या विषयावर माझ्यापेक्षा जास्त जाणणारी माणसं आहेत. आणि त्या वाकळीचं रेकॉर्डिंग केलंत तर कळवा नक्की. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी.